परिचालन प्रणालींची घडण आणि मराठी

परिचालन प्रणाली : संगणकाची यंत्रसामग्री आणि तो वापरणारी व्यक्ती यांच्यामध्ये राहून स्मृती, फाईली, कळफलक, पडदा, मुद्रक इ. साधनांची व्यवस्था पाहणारा आज्ञावलींचा संच म्हणजे परिचालन प्रणाली होय. मेजावर ठेवण्याजोग्या वैयक्तिक संगणकासाठी अशा प्रणाली १९७० नंतरच्या दशकात घडू लागल्या. एमएस-डॉस (१९८१), मॅकिंटॉशची प्रणाली (१९८४), विंडोज (१९८५) आणि लिनक्स (१९९१) या त्यांपैकी विशेष प्रसार पावलेल्या होत. त्या घडविणाऱ्या अभियंत्यांच्या वर्तुळात अनेक धडे ग्रंथांऐवजी विनोदी किश्श्यांच्या रूपाने टिकून राहिले आहेत. या किश्श्यांतून पुन्हापुन्हा प्रत्ययाला येणारे तत्त्व असे, की लोकांच्या हाती एकदा दिलेली सोय, मग ती चुकीची का असेना, परत घेता येत नाही. संगणकावरील मराठी लेखनाचा इतिहास हे या तत्त्वाचे जवळचे उदाहरण आहे. कोल्हापूरसारख्या शहरात छापल्या गेलेल्या मजकुराचे पुढे काय होणार, हा प्रश्नही त्याच्याशीच निगडित आहे.

आरंभीचे धडे : संगणकाच्या आज्ञावलीतील दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या यंत्रात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो कार्यवहीत चिकटवून, प्रत्यक्ष किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा आशयाची नोंद केली. शब्द त्याआधीपासून रूढ होता, म्हणूनच नोंदीतील थट्टा सर्वांना कळली. दोष हसण्यावारी नेला, तरी त्याची लेखी नोंद ठेवलीच पाहिजे, हा संकेत या व्यवसायात तेव्हापासून दिसतो.

युनिक्स या प्रणालीत नवी फाईल निर्माण करण्याच्या आज्ञेचे नाव ‘क्रिएट’ या इंग्रजी शब्दातील शेवटचे अक्षर गाळून ठेवलेले आहे. युनिक्स पुन्हा घडवावयाची झाल्यास कोणता बदल कराल, असे विचारले असता तिचे एक जनक केन टॉम्पसन यांनी, ते गाळलेले अक्षर परत घालीन, असे उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. उत्तर विनोदी असले, तरी वस्तुस्थिती गंभीर आहे. असंख्य आज्ञावली त्या अपुऱ्या नावावर विसंबून लिहिल्या गेल्यामुळे एका अक्षराची ती दुरुस्ती कधीच होऊ शकली नाही.

एमएस-डॉसची कथा याच जातीची आहे. तिचा पाया असलेली प्रणाली टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये घाईने तयार केली आणि तिला ‘झटपट व ओबडधोबड परिचालन प्रणाली’ अशा अर्थाचे इंग्रजी आद्याक्षरी नाव दिले. तात्पुरती म्हणून केलेली ही रचना आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर जगभर पसरली. तिच्या पहिल्या आवृत्तीत फाईलींसाठी वेगवेगळे कप्पे नसल्यामुळे पडदा व कळफलक, मुद्रक इ. साधनांसाठी ‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘ऑक्स’ व ‘नल’ यांसारखी नावे राखून ठेवावी लागली. कप्प्यांची सोय १९८३ मध्ये आली, तरी ती नावे राखीवच राहिली. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्येही नेहमीच्या पद्धतीने ‘कॉन’ नावाची फाईल तयार करता येत नसे.

कामाचे मोजमाप आणि चव : आज्ञावलीच्या ओळी मोजून अभियंत्याचे काम मापण्याची पद्धत काही काळ प्रचलित होती. ॲपल कंपनीत ‘लिसा’ या संगणकाचे काम चालू असताना, १९८२ च्या सुमारास, व्यवस्थापकांनी प्रत्येकाकडून आठवड्याला लिहिलेल्या ओळींची संख्या मागविण्यास सुरुवात केली. बिल ॲटकिन्सन यांनी त्याच सुमारास चित्रांकनाचा एक भाग नव्याने लिहून तो अधिक वेगवान केला होता आणि त्यात सु. २,००० ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी तक्त्यात ‘उणे २,०००’ असा आकडा भरला. काही आठवड्यांनी त्यांच्याकडून तक्ता मागविणे बंद झाले. त्या काळी स्मृती अत्यंत तोकडी असल्यामुळे गाळलेली प्रत्येक ओळ ही मिळकतच होती.

दुसरा संकेत आपण केलेल्या स्वयंपाकाची चव प्रथम आपण घ्यावी, असा आहे. इंग्रजीत तो कुत्र्याच्या खाद्याच्या उपमेने सांगितला जातो. मायक्रोसॉफ्टमधील पॉल मॅरिट्झ यांनी १९८८ मध्ये सहकाऱ्यांना पाठविलेल्या टिपणामुळे तो तेथे रूढ झाला, असे मानतात. पुढे विंडोज एनटीच्या उभारणीत डेव्हिड कटलर यांनी अभियंत्यांना अर्धवट तयार असलेल्या प्रणालीवरच दैनंदिन काम करावयास लावले. सकाळी सर्वांचे भाग एकत्र जोडून नवी आवृत्ती तयार व्हावयाची आणि ज्याच्या दोषामुळे ती मोडे त्याला दिवसभर थट्टा सोसावी लागे. ज्या गैरसोयीचा चटका करणाऱ्याला स्वतःला बसतो ती लवकर दूर होते, हे या पद्धतीचे मर्म होय. जी भाषा प्रणाली घडविणाऱ्यांपैकी कोणी रोज लिहीत नाही तिच्यातील दोष मात्र या चाळणीतून निसटतात. मराठीच्या बाबतीत हेच घडले.

जुन्याची जपणूक : विंडोज ९५ च्या वेळी ‘सिमसिटी’ या लोकप्रिय खेळाच्या आज्ञावलीत एक चूक आढळली. परत केलेली स्मृती ती पुन्हा वाचीत असे. घर सोडल्यावरही जुन्या किल्लीने आत शिरणाऱ्या भाडेकरूसारखे हे वर्तन जुन्या प्रणालीवर खपून जाई, कारण ती जागा लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसे. नव्या प्रणालीत मात्र खेळ बंद पडला असता. दोष खेळाचा होता, परंतु ग्राहकाने तो नव्या प्रणालीच्याच माथी मारला असता. म्हणून हा खेळ चालू आहे असे दिसताच स्मृतीचे वाटप वेगळ्या रीतीने करावे, अशी खास तजवीज विंडोज ९५ मध्ये केली गेली. संगणक बंद करण्यासाठी ‘सुरू’ या अर्थाचे बटण दाबावे लागे, ही त्याच प्रणालीविषयीची थट्टा जगभर झाली. तथापि सर्व कामे एका ठिकाणाहून सुरू करण्याची सवय लोकांना इतकी जडली, की २०१२ मध्ये विंडोज ८ मधून ते बटण काढल्यावर तक्रारी झाल्या व पुढच्याच वर्षी ते परत आणावे लागले.

भारताशी संबंधित असा एक प्रसंगही नमूद करण्याजोगा आहे. विंडोज ९५ मध्ये स्थानिक वेळ निवडण्यासाठी जगाचा नकाशा दिलेला होता. कंपनीच्याच अधिकाऱ्याने २००४ मध्ये जाहीरपणे सांगितलेल्या हकीकतीनुसार त्यात काश्मीरच्या जागी आठ बिंदूंची छटा वेगळी पडली, भारतात त्या उत्पादनावर बंदी आली आणि सु. २ लाख प्रती परत घ्याव्या लागल्या. चित्रकाराच्या दृष्टीने ते केवळ आठ ठिपके होते, तर वापरणाऱ्या देशाच्या दृष्टीने ती सीमारेषा होती. अक्षरांच्या बाबतीतही असेच घडते. परक्याला जी केवळ एक रेघ वाटते तिच्यावर शब्दाचा अर्थ अवलंबून असतो.

देवनागरीचा प्रवेश : एमएस-डॉसच्या काळात पडद्यावर सामान्यतः ८० स्तंभ व २५ ओळी असत आणि अक्षरांसाठी २५६ जागा असत. स्वरचिन्हे व्यंजनाच्या चारही बाजूंना लागणे, जोडाक्षरे होणे, ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर असूनही लेखनात आधी येणे, या देवनागरीच्या गरजा या चौकटीत बसणाऱ्या नव्हत्या. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत या प्रश्नावर काम होऊन १९८३ मध्ये देवनागरी अग्रक तयार झाले. त्यातून विकसित झालेले ‘जिस्ट’ हे तंत्र मोहन तांबे प्रभृतींनी पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) पुढे नेले. संगणकात बसविलेले जिस्ट कार्ड मूळ आज्ञावली व पडदा यांच्यामध्ये राहून संकेतांचे देवनागरीत रूपांतर करी. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावली फारसा बदल न करता मराठीत वापरता येत. विंडोजमध्ये अक्षरे चित्ररूपाने रेखाटण्याची पद्धत आली, तेव्हा या मधल्या दुभाष्याची जागाच नाहीशी झाली. दुसऱ्याच्या भिंतीवर बांधलेला मजला भिंत हलविताच कोसळतो, हा धडा त्यातून मिळाला.

मात्र या प्रयत्नातील संकेतांची योजना टिकली. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णमाला समान आहे, हे ओळखून सर्वांसाठी एकच संकेतसंच ठरविण्यात आला. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये त्यास ‘आयएस १३१९४’ या क्रमांकाने मान्यता दिली. हाच इस्की संकेतसंच होय. त्याला जुळणारा इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये प्रमाणित झाला होता. त्यात स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे असून एका लिपीतील सराव दुसऱ्या लिपीत उपयोगी पडतो. जगातील सर्व लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतसंचाने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आवृत्तीवरून घेतली व तिला १२८ जागा दिल्या.

युनिकोडचे संकेत फाईलीत साठविण्याच्या दोन पद्धती विशेष प्रचारात आल्या. विंडोज एनटीने (१९९३) प्रत्येक संकेतास १६ बिटांची पद्धत स्वीकारली. ६५,५३६ जागा जगाला पुरतील, हा त्यामागील समज होता. तथापि १९९६ मध्येच संकेतसंच त्यापलीकडे वाढविण्याची तरतूद करावी लागली. ‘यूटीएफ-८’ ही दुसरी पद्धत केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, मेजावरच्या कागदी आच्छादनावर आखली. जुन्या इंग्रजी फाईली तिच्यात जशाच्या तशा वाचता येत असल्यामुळे तिचा सर्वत्र प्रसार झाला. ‘कोल्हापूर’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो. संगणकात त्याचे नऊ संकेत होतात : क, ओकार, ल, हलन्त चिन्ह, ह, आकार, प, ऊकार आणि र. पहिल्या पद्धतीत त्यांना १८ व दुसऱ्या पद्धतीत २७ बाइट लागतात. फाईल कोणत्या पद्धतीची आहे हे प्रणालीने अंदाजाने ठरविले, तर भलताच परिणाम होतो. विंडोज एक्सपीच्या ‘नोटपॅड’मध्ये चार इंग्रजी शब्दांचे एक विशिष्ट वाक्य साठवून पुन्हा उघडल्यास चिनी चिन्हे दिसत, ही गंमत २००६ मध्ये गाजली. तिच्यामागे गुप्त संदेश असल्याच्या वावड्या उठल्या. वास्तविक तो चुकलेला अंदाज होता.

विंडोज २००० या आवृत्तीत मराठी, हिंदी, कोकणी व संस्कृत यांसाठी युनिकोडाधारित देवनागरीची सोय प्रथमच परिचालन प्रणालीत अंतर्भूत झाली. तिच्यातील ‘मंगल’ या टंकाच्या आरेखनाचे श्रेय सुलेखनकार व कवी रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांना दिले जाते. ही सोय प्रारंभी आपोआप मिळत नसे. विंडोज २००० व विंडोज एक्सपी (२००१) यांत ती मूळ तबकडीवरून वेगळी बसवावी लागे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ती सुरुवातीपासून उपलब्ध होऊ लागली. या काळात मराठी मुळी संगणकावर येतच नाही, असा अनेक कचेऱ्यांचा समज होण्यास हेच कारण घडले. लिनक्सच्या बाजूने इंडलिनक्स प्रकल्प आणि ‘लोहित’ हा मुक्त टंक यांनी तोच मार्ग मोकळा केला.

मराठीची विशेष अडचण : हिंदीत नसलेला, पण मराठीत अर्थभेद करणारा एक विशेष म्हणजे पुढील अक्षराला डावीकडून आडवा जोडला जाणारा अर्धा र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यावयाची असते, तर ‘आचाऱ्यांना’ शिधा. रफार व हा अर्धा र यांची गल्लत झाली, तर निमंत्रणाचा अर्थच पालटतो. युनिकोडच्या १९९६ मधील आवृत्तीत हा अर्धा र साधण्यासाठी र, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा क्रम सांगितलेला होता. पुढे इस्कीशी सुसंगत अशी, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त चिन्ह जोडण्याची पद्धत मुख्य मानली गेली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र आणि ऱ एकाच कळीवर आहेत. तथापि पहिल्या पद्धतीने लिहिलेला मजकूर अस्तित्वात आलेला असल्यामुळे तीही ग्राह्य ठेवणे भाग पडले. सिमसिटीसाठी केलेल्या तजविजीचेच हे मराठी रूप होय.

याचा परिणाम व्यवहारात जाणवतो. कोल्हापूरहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या कऱ्हाड या गावाचे नाव दोन प्रकारे साठविलेले असू शकते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, परंतु शोध घेणारी आज्ञावली त्यांचा मेळ घालील अशी तजवीज केलेली नसेल, तर एका रूपाने शोधल्यास दुसरे सापडत नाही. अदृश्य चिन्ह एका प्रणालीतून दुसरीत जाताना गळून पडले, तर गावाच्या नावातील अर्ध्या र चा रफार होतो. नावातील एका अक्षराचा फरक म्हणजे कचेरीत एक हेलपाटा, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यातील विनोद पुरता कळेल. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाली. तोपर्यंत कोणी अ वर अर्धचंद्र देत, तर कोणी ए वर अर्धचंद्र असलेले ‘ऍ’ हे अक्षर वापरीत. एकाच शब्दाची तीन रूपे जुन्या-नव्या फाईलींत विखुरली गेली. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे निश्चित केली. संकेत एकच असल्यामुळे कोणते वळण दिसावे हे टंकावर व प्रणालीतील भाषेच्या निवडीवर अवलंबून राहते.

युनिकोडच्या नियमानुसार एकदा दिलेली जागा व एकदा ठरलेले नाव बदलले जात नाही. २००५ मध्ये समाविष्ट झालेल्या एका कंसचिन्हाच्या अधिकृत इंग्रजी नावात ‘ब्रॅकेट’ या शब्दातील दोन अक्षरांची अदलाबदल झाली. चूक सर्वांना मान्य आहे, पण नाव तसेच राहिले असून शुद्ध रूप पर्यायी नाव म्हणून शेजारी नोंदविले आहे. हा हट्ट हास्यास्पद वाटला, तरी साठविलेला मजकूर पुढच्या पिढीला वाचता येईल, याची हमी त्यामुळेच मिळते.

टंकबद्ध मजकूर : प्रणालीत देवनागरीची सोय नव्हती, तेव्हा मुद्रण व्यवसाय थांबून राहणे शक्य नव्हते. १९९० नंतरच्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरखंडांची चित्रे ठेवणारे टंक प्रचारात आले. कोल्हापूर हे वृत्तपत्रे, सहकारी संस्था, साखर कारखाने व शिक्षणसंस्था यांचे केंद्र. अशा शहरांतील वार्षिक अहवाल, निवडणुकीची पत्रके, लग्नपत्रिका, स्मरणिका व ग्रंथ यांची जुळणी बहुधा अशाच टंकांत होऊ लागली. छापील पानावर ती सुबक दिसे. संगणकाच्या लेखी मात्र तो मजकूर मराठी नव्हताच. ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ होती. मूळ टंक नसलेल्या संगणकावर फाईल उघडली, की ती माळच दिसे. त्यात शब्द शोधणे किंवा अकारविल्हे यादी लावणे सरळपणे शक्य नसे. शिवाय टंकांच्या प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी असल्यामुळे एका मुद्रणालयाचे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे. पॅटरसन यांच्या प्रणालीप्रमाणे हीही तात्पुरती सोय होती आणि तिच्याप्रमाणेच ती दीर्घकाळ टिकली.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी त्या त्या टंकाची कोष्टके वापरून रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध झाल्या आहेत. त्यांच्या मार्गात ऱ्हस्व इकाराचा क्रम बदलणे, तुकड्यांतून जोडलेली अक्षरे पुन्हा संकेतांत मोडणे आणि रफार मूळ जागी नेणे हे मुख्य अडथळे येतात. गडहिंग्लज, पन्हाळा, शिरोळ अशी नावे त्यांची चांगली परीक्षा घेतात, कारण त्यांत जोडाक्षरे, अनुस्वार, ऱ्हस्व इकार आणि ळ हे सर्व येतात. रूपांतरानंतर मुद्रितशोधकाची नजर फिरणे अटळ असते, कारण यंत्राच्या दृष्टीने ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द निर्दोष आहेत. जुन्या फाईली, त्या ज्या टंकात जुळविल्या ते टंक आणि छापील प्रत या तिन्ही गोष्टी एकत्र जपल्या, तरच हे काम पुरे होऊ शकते. त्यांपैकी टंक हरवला, तर छापील पानावरून मजकूर पुन्हा जुळविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आणि पानही नष्ट झाले असल्यास संगणकात फाईल असूनही तिच्यातील मराठी परत मिळविणे बहुधा अशक्य होते.